कुंडी उचलून बघा: लहान रोपांचं पाणी आणि खत

मागच्या महिन्यात आपण टोमॅटो, मिरची, वांग्याच्या बिया छोट्या कपात कशा रुजवायच्या ते बघितलं, आणि त्यावर जे प्रश्न आले ते जवळजवळ सगळे एकाच वळणावर अडकलेत, की बी उगवलं, छान दोन पानं आली, फोटो काढून सगळ्यांना पाठवून झाले आणि मग पुढच्या आठवड्यात काहीतरी बिनसलं. कुणाची पिवळी पडली, कुणाची आडवी झाली, कुणाची तशीच बसून आहेत, ना मरतात ना वाढतात. सगळी पत्रं वाचून झाल्यावर एक गोष्ट लक्षात आली, ती आधीच सांगून टाकते: "मी पाणी घालायला विसरले" असं एकाही पत्रात नव्हतं. म्हणून या वेळी फक्त पाणी आणि खत, कीड-बीड पुढच्या वेळी बघू.

ताई, मिरचीची रोपं १२ दिवसांची आहेत. रोज सकाळी न चुकता अर्धा कप पाणी घालते. तरी पानं खाली लोंबायला लागली, मला वाटलं कमी पडतंय म्हणून संध्याकाळी पण घालायला लागले, तर आता अजूनच माना टाकल्यात. अजून किती घालू?

थांबा, आधी तो कप खाली ठेवा.

तुमची रोपं तहानलेली नाहीयेत, गुदमरलीयेत. शेतकऱ्यांच्या तोंडी एक सुंदर शब्द आहे, वाफसा. म्हणजे मातीत ओल पण आहे आणि हवा पण आहे अशी स्थिती, हातात घेतली तर मूठ वळते पण पाणी गळत नाही. मुळांना हे दोन्ही लागतं, कारण मुळं पण श्वास घेतात, त्यांना ऑक्सिजन लागतो आणि तो मातीच्या कणांमधल्या बारीक पोकळ्यांमधून मिळतो. रोज पाणी घातलं की त्या पोकळ्या कायम पाण्याने भरलेल्या राहतात, मुळांचं काम बंद पडतं, आणि गंमत अशी की काम बंद पडलं की मुळांना पाणी पण ओढता येत नाही, म्हणजे चिखलात उभं राहून रोप वरून सुकल्यासारखं दिसतं. आपण बघतो, म्हणतो अरे बिचारं तहानलंय, आणि अजून ओततो. हे चक्र एकदा चालू झालं की चारपाच दिवसात खेळ खलास.

फरक कसा ओळखायचा ते सांगते. तहानलेल्या रोपाची पानं पातळ, मऊ, कागदासारखी होतात आणि कुंडी हातात घेतली की एकदम हलकी लागते, पाणी दिलं की एकदोन तासात रोप ताठ. पाणी जास्त झालेल्या रोपाची पानं पण खाली वाकतात पण ती जाड, फुगल्यासारखी असतात, देठापासूनच वाकलेली, रंग फिकट पिवळट, आणि कुंडी जड. बोट पेराएवढं, म्हणजे साधारण दोन सेंटिमीटर मातीत खुपसा, माती बोटाला चिकटून आली तर आज पाणी नाही. वरची माती कोरडी दिसतेय यावर जाऊ नका, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असेल तर वर भुरभुरीत तपकिरी आणि आत चिंब असं हमखास असतं.

आणि माझी स्वतःची युक्ती, जी मी सगळ्यांना सांगून सांगून थकले: किचनमधला वजनकाटा वापरा. माझ्याकडे एक दहा सेंटिमीटरचा प्लास्टिकचा कप आहे, भरपूर पाणी देऊन निथळू दिला की त्याचं वजन ४८० ग्रॅम भरतं. मग मी पाणी न देता रोज तोलत गेले. दुसऱ्या दिवशी ४४०, मग ३९५, चौथ्या दिवशी ३४० ला बोट घातलं तर दोन सेंटिमीटरपर्यंत कोरडं. म्हणजे १४० ग्रॅम कमी झालं, म्हणजेच १४० मिली पाणी उडालं आणि रोपाने प्यायलं, हिशोब सोपा आहे, एक मिली पाणी म्हणजे एक ग्रॅम. आठवडाभर काटा वापरा, नंतर हाताला आपोआप कळतं. आता मी नुसती कपाची कड धरून उचलते आणि पुढे जाते.

तुमच्या रोपांचं आत्ता काय करायचं, तर काही नाही. सावलीत नको, उजेडात पण कडक उन्हात नाही अशा ठिकाणी, वारा लागेल असं ठेवा आणि कुंडी हलकी होईपर्यंत हात लावू नका. नवीन पान हिरवं आलं की समजा वाचली.

पाणी द्यायचं तेव्हा थोडं थोडं द्यायचं की एकदम भरपूर? दोन जणांनी दोन सांगितलं.

दोघंही बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या वयाच्या रोपांबद्दल बोलतायत.

अगदी लहान, दोनच पानं असलेलं रोप मोठ्या कपात असेल तर त्याचं मूळ केवढंसं असतं, बोटभर. सगळा कप चिंब करून उपयोग काय, ते पाणी पिणार कोण? तेव्हा रोपाच्या बुडाशी नाही, बुडापासून दोनतीन सेंटिमीटर लांब गोलाकार थोडं पाणी द्यायचं, मूळ त्या ओलीच्या मागे बाहेर पसरतं. बुंध्यावर धार सोडायची नाही, रोप उपटतं तरी किंवा बुंधा कायम ओला राहून सडतो तरी.

पहिल्या दोन गुळगुळीत पानांनंतरची चारपाच खरी पानं आली, मुळं कुंडीच्या कडेला पोचली, की मग पद्धत बदलायची. मग एकदा द्यायचं ते खालच्या भोकातून निथळेपर्यंत द्यायचं आणि मग कुंडी हलकी होईपर्यंत थांबायचं. या वयात रोज थोडं थोडं शिंपडत राहिलं तर वरची दोन बोटं ओली आणि खाली कोरडं ठाक, मुळं पण वरवरच राहतात आणि एखाद्या गरम दुपारी रोप लगेच मान टाकतं. हळू ओता, एकदा अर्धं, पाच मिनिटं थांबून उरलेलं. थाळीत जमलेलं पाणी अर्ध्या तासाने ओतून टाका, ते थाळीतच ठेवलं तर खालची मुळं बुडूनच राहतात.

आणि माती पूर्ण वाळून कडेने सुटली असेल तर वरून ओतलेलं सगळं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं, आपल्याला वाटतं निथळलं म्हणजे झालं, आत गड्डा कोरडाच. अशा वेळी कुंडी पाण्याच्या टबात बसवा, वीस ते तीस मिनिटं, खालून पाणी चढू द्या, वरची माती काळपट ओली दिसली की काढून निथळत ठेवा.

वेळ सकाळची बरी. रात्री दिलं म्हणून रोप मरत नाही पण रात्रभर सगळं ओलं राहतं आणि बुरशीला तेच हवं असतं.

टोमॅटोची २० रोपं मस्त उगवली होती. परवा सकाळी बघितलं तर ६ आडवी, आज ११. पानं हिरवीच आहेत पण मातीलगत खोड दोऱ्यासारखं बारीक झालंय. खत कमी पडलं का? कोणतं टॉनिक मारू?

टॉनिक नको, खत तर अजिबातच नको. याला रोपं कोलमडणे म्हणतात, डॅम्पिंग ऑफ. पिथियम, रायझोक्टोनिया अशा मातीतल्या बुरशी आणि बुरशीसारख्या जीवांमुळे होतं, मातीच्या रेषेवर खोड आधी पाणचट, मग बारीक होतं आणि रोप कापून टाकल्यासारखं पडतं. पडलेलं रोप परत उठत नाही, त्याच्यामागे वेळ घालवू नका, उचलून आजूबाजूच्या मातीसकट टाकून द्या.

उरलेली ९ वाचवायची तर पाणी थांबवा, वर झाकण किंवा प्लास्टिक असेल तर काढा, रोपं एकमेकांना खेटून असतील तर विरळ करा किंवा वेगळी लावा, वारा खेळू दे. एक छोटा पंखा अगदी लांबून, पानं जेमतेम हलतील इतका, दिवसातून काही तास लावला तर फार फरक पडतो, माती वरून सुकते आणि खोडं पण मजबूत होतात. पुढच्या वेळी जुने कप साबणाने धुऊन घ्या आणि गेल्या वेळची माती बियांसाठी परत वापरू नका. मी एकदा आळसाने वापरली होती. पूर्ण ट्रे गेला, तोही तीन दिवसात.

खत नेमकं कधी चालू करायचं? माझी रोपं ९ दिवसांची आहेत आणि १९:१९:१९ चं पाकीट आणून ठेवलंय.

आणलंत ते ठीक, पण पाकीट अजून फोडू नका.

बी म्हणजे डबा बांधून दिलेलं पोर. पहिली जी दोन पानं दिसतात ती खरी पानं नाहीतच, ती बीजपत्रं, गुळगुळीत आणि सगळ्यांची साधारण सारखीच दिसणारी, आणि बीमध्ये साठवलेल्या अन्नावर रोप सुरुवातीचे दिवस काढतं. त्यानंतर जी कातरलेली, त्या झाडाची ओळख सांगणारी पानं येतात ती खरी. खऱ्या पानांच्या दोन, बरं तर तीन जोड्या येईपर्यंत खत द्यायचं नाही. दिवस मोजू नका, पानं मोजा, कारण गार हवेत तेच रोप दुप्पट दिवस घेतं.

त्यातही तुमची माती कोणती यावर खूप आहे. मातीत पाव भाग चांगलं गांडूळ खत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत मिसळलं असेल तर पहिले तीनचार आठवडे वेगळं काही लागत नाही, रोपाला जेवढं हवं तेवढं तिथे आहे. विकतच्या तयार मातीच्या पिशवीवर पण बघा, बऱ्याच वेळा खत आधीच घातलेलं असतं आणि किती आठवडे पुरेल ते पण छापलेलं असतं. आपण ते वाचत नाही. नुसत्या कोकोपीटमध्ये लावलं असेल तर गोष्ट वेगळी, त्यात खाण्यासारखं जवळजवळ काही नसतं, तिथे पहिलं खरं पान नीट उघडलं की अगदी हलकं खत सुरू करावं लागतं.

सुरू करायचं ते पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणाच्या पाव भागाने. १९:१९:१९ म्हणजे नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश) तिन्ही १९ टक्के, विद्राव्य खत आहे, पाण्यात पूर्ण विरघळतं, म्हणजे मुळांना लगेच लागतं, चांगलं पण आणि वाईट पण. एक लिटर पाण्यात एक ग्रॅम, यापेक्षा जास्त लहान रोपाला नको. एक ग्रॅम अंदाजाने घेऊ नका, चिमूट प्रत्येकाची वेगळी असते. साधा काटा एक ग्रॅम नीट दाखवत नाही म्हणून मी दहा ग्रॅम तोलून एक लिटर पाण्यात विरघळवून बाटलीत ठेवते आणि त्यातलं १०० मिली घेऊन पाणी घालून एक लिटर करते, झालं एक ग्रॅम. बाटलीवर नाव आणि तारीख लिहा आणि लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

दहा ते चौदा दिवसातून एकदा. मधली पाणी नुसती. आणि सुकलेल्या मातीत खताचं पाणी कधीच नाही, आधी थोडं साधं पाणी, मग खताचं.

वाढ होत नव्हती म्हणून प्रत्येक कपात एक चमचा युरिया टाकला. दोन दिवसात पानांच्या कडा जळल्यासारख्या झाल्या. काही होऊ शकतं का?

एक चमचा! अहो युरियात ४६ टक्के नत्र असतं, ते एकरांच्या हिशोबाने टाकायचं खत आहे, दह्याच्या वाटीएवढ्या कपात चमचा म्हणजे फारच झालं.

होतं काय ते सांगते म्हणजे परत करणार नाही. काकडीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं ना, तसंच. मातीतल्या पाण्यात क्षार खूप वाढले की मुळांना पाणी आत ओढणं अवघड होतं, फारच वाढले तर मुळातलंच पाणी बाहेर ओढलं जातं. म्हणून ओल्या मातीत पण पानाची टोकं आणि कडा आधी करपतात, पाणी पोचायचं शेवटचं ठिकाण तेच. शिवाय युरियाचं मातीत अमोनियात रूपांतर होतं आणि तो अमोनिया कोवळ्या मुळांना वेगळाच जाळतो.

उपाय एकच, धुऊन काढणं. आधी वर न विरघळलेले दाणे दिसत असतील तर चमच्याने मातीच्या थरासकट काढा. मग कुंडीच्या मापाच्या दोनतीन पट साधं पाणी, म्हणजे अर्ध्या लिटरच्या कपाला दीड लिटर, हळूहळू ओता आणि खालून पूर्ण निघून जाऊ द्या, थाळी काढून ठेवा. मी एवढा वेळ पाणी कमी पाणी कमी म्हणतेय आणि आता दीड लिटर ओतायला सांगतेय हे कळतंय मला, पण हे एकदाच, आणि नंतर कप हलका होईपर्यंत परत काही नाही. जळलेली कड हिरवी होणार नाही, ती पानं तशीच राहू द्या, नवीन येणारी पानं बघायची. मधला कोवळा शेंडा हिरवा असेल तर आशा आहे, शेंडाच काळा पडला असेल तर नवीन बी लावा, कारण एका बीमागे महिना घालवण्यात अर्थ नाही.

हेच कधी कधी हळूहळू पण होतं. मातीवर, कुंडीच्या कडेला पांढरी पापडी दिसते ती क्षारांची, म्हणजे खत जास्त होतंय किंवा पाणी जड आहे. पापडी खरवडून टाका आणि एकदा धुऊन काढा.

पान पिवळं पडलं की प्रत्येक जण वेगळं सांगतो, लोह द्या, नत्र द्या, मॅग्नेशियम द्या. नवशिक्याने कसं ओळखायचं?

आधी कुंडी उचला. खरंच. पिवळं पडण्याचं सगळ्यात जास्त वेळा दिसणारं कारण जास्त पाणी आहे, आणि काम बंद पडलेल्या मुळांना तुम्ही काहीही द्या, ती घेणार नाहीत.

पाणी बरोबर असेल तर मग बघा कुठलं पान पिवळं आहे, खालचं का वरचं. नत्र हे झाडात फिरणारं अन्न आहे, कमी पडलं की झाड जुन्या पानातून काढून नव्याला देतं, म्हणून खालची पानं आधी सगळीच्या सगळी फिकट पिवळी होतात. मॅग्नेशियम पण फिरतं, पण त्यात खालच्या पानाच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा. लोह मात्र फिरत नाही, जिथे गेलं तिथेच बसतं, म्हणून लोह कमी पडलं की वरची, अगदी नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. आणि लोह बहुतेक वेळा मातीत असतंच, पण मातीचा सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्ल किंवा अल्कधर्मी ते) साडेसातच्या वर गेला की ते मुळांना घेता येत नाही. बहुतेक भाजीच्या रोपांना सामू ६ ते ७ च्या मध्ये बरा. टोमॅटोच्या पानाची खालची बाजू जांभळट झाली तर स्फुरद कमी असं सगळीकडे वाचाल, ते खरंय, पण नुसत्या गारठ्याने पण तसं होतं, माती थंड असली की मुळं स्फुरद घेत नाहीत. ऊब मिळाली की आपोआप जातं, तोवर खताची बाटली उघडायची घाई नको.

आणि एक, सगळ्यात खालची ती पहिली दोन बीजपत्रं पिवळी होऊन गळतात. ती गळायचीच असतात, डबा रिकामा झाला. त्याबद्दल मला या महिन्यात चार पत्रं आलीयेत.

चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, केळ्याच्या सालीचं पाणी, यातलं काय चालेल?

लहान रोपाला यातलं काहीच नको. अंड्याची टरफलं कुजायला खूप वेळ घेतात, या रोपाच्या हयातीत त्यातलं फार काही मिळणार नाही. केळ्याच्या सालीच्या पाण्यात थोडं पालाश उतरतं, नत्र जवळपास नाहीच, आणि माश्या मात्र भरपूर. साखरेच्या चहाचा न धुतलेला चोथा म्हणजे मुंग्यांना आणि बुरशीला आमंत्रण. हे सगळं कंपोस्टच्या डब्यात टाका, तिथे त्याचं सोनं होतं, कपात टाकू नका.

सतत बदलून लावायला नको म्हणून पहिल्यापासूनच मोठ्या कुंडीत बी लावलं, खाली निचऱ्यासाठी खडीचा जाड थर दिला. तरी माती आठ आठ दिवस ओली राहते. काय चुकलं?

दोन गोष्टी, आणि दोन्ही चांगल्या मनाने केलेल्या.

एक तर एवढ्याशा रोपाला दहा लिटरची कुंडी. माती वाळते ती थोडी उन्हावाऱ्याने आणि बरीचशी रोपाने पाणी ओढल्यामुळे, आणि दोन पानांचं रोप ओढून ओढून किती ओढणार. म्हणून आधी छोटा कप, मुळं कपाच्या भोकातून डोकावली की लिटरभराची कुंडी, मग मोठी. बदलताना रोप उलटं करून बघायला मला फार आवडतं, दोन बोटांमध्ये बुंधा सैल धरायचा, कप उलटा करून बुडावर थापटी मारायची, मातीचा गड्डा सुटून हातात येतो. मुळं पांढरीशुभ्र, सगळीकडून जाळी विणल्यासारखी आणि वास पहिल्या पावसातल्या मातीचा आला की सगळं बरोबर चाललंय. तपकिरी, हात लावला की साल निघून आतला धागा उरणारी मुळं आणि नाल्यासारखा आंबूस वास, म्हणजे कुजायला लागलंय, मग वर पान हिरवं दिसत असलं तरी फसू नका.

दुसरं, खडी. आपण सगळेच हे लहानपणापासून बघत आलोय आणि सगळेच करतो, पण खडीने निचरा सुधारत नाही. बारीक माती पाणी धरून ठेवते आणि खाली मोठ्या पोकळ्यांचा थर आला की पाणी त्यात सहज उतरत नाही, ते मातीच्या तळाशीच अडून राहतं, जोवर माती पार चिंब होऊन वरचं वजन पुरेसं होत नाही तोवर. म्हणजे तो ओला थर खडी नसती तर कुंडीच्या तळाशी असता, तो तुम्ही उचलून मुळांच्या जवळ आणून ठेवलात. भोक बुजू नये म्हणून वर एक खापरी किंवा जाळीचा तुकडा ठेवा, बास. निचरा हवा तर मातीतच पाव भाग पर्लाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र दाणे) किंवा जाड वाळू मिसळा. आणि मातीची कुंडी प्लास्टिकपेक्षा लवकर वाळते, तिच्या अंगातून पण पाणी उडतं, पाणी जास्त घालायची सवय असलेल्यांनी तीच घ्यावी.

आमच्याकडे पाणी खूप जड आहे. आरओच्या बाहेर जाणारं पाणी वाया जातं म्हणून तेच रोपांना देतो, चालतं ना?

पाणी वाचवायची इच्छा चांगली, पण त्या नळीतून येतं ते नेमकं तेच जे आपल्याला प्यायला नको होतं, सगळे क्षार जास्तीचे होऊन. मोठ्या झाडाला, जमिनीत लावलेल्याला एकवेळ चालेल, कपातल्या रोपाला नाही, दोन आठवड्यात पांढरी पापडी धरते. फरशी पुसायला वापरा. मीठ टाकून चालणाऱ्या सॉफ्टनरचं पाणी तर नकोच, त्यात कॅल्शियम काढून सोडियम घातलेलं असतं. पावसाचं पाणी साठवता आलं तर त्यासारखं काही नाही. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनची फार भीती बाळगू नका, रात्रभर उघड्या बादलीत ठेवलं की बराचसा उडून जातो (क्लोरामाइन असेल तर मात्र उडत नाही), आणि तसं ठेवल्याने अजून एक फायदा, पाणी खोलीच्या तापमानाला येतं, बर्फासारखं थंड पाणी कोवळ्या मुळांना सोसत नाही.

ताई मी आठवीत आहे. शाळेच्या प्रोजेक्टसाठी टोमॅटो लावलाय, तो खूप उंच झालाय पण उभाच राहत नाही, पेन्सिलला बांधलाय. बाबा म्हणाले खत घाल म्हणजे जाड होईल.

बाबांना सांग ताईने नको म्हटलंय! तुझं रोप भुकेलेलं नाहीये, ते उजेड शोधतंय. उजेड कमी असला की रोप सगळी ताकद उंच व्हायला लावतं, खत घातलंस तर अजून उंच होऊन अजून पडेल. खिडकीत, चांगला उजेड येईल तिथे ठेव, पण एकदम कडक उन्हात नाही, आधी रोज तासभर, मग वाढवत जा, आणि कप रोज थोडा फिरवत जा म्हणजे एकाच बाजूला वाकणार नाही. टोमॅटोची एक मजा आहे, त्याचं खोड मातीत गाडलं की त्या खोडालाच मुळं फुटतात. मोठ्या कपात लावताना बीजपत्रांपर्यंत खोल लाव, पेन्सिल काढून टाकता येईल. प्रोजेक्टच्या वहीत रोज उंची लिहीत असशील ना, त्याच्या शेजारी कपाचं वजन पण लिही, बाईंना नक्की आवडेल.

मातीवर बारीक काळी चिलटं उडतात. रोपं ठीक आहेत.

तीही पाणी जास्त झाल्याचीच खूण. ती ओल्या मातीत अंडी घालतात आणि अळ्या बुरशी खातात, जमलं तर कोवळी मुळं पण. वरचा थर दोन पाण्यांच्या मध्ये पूर्ण वाळू द्या, पिवळं चिकट कार्ड मातीजवळ लावा, काही दिवस खालून पाणी द्या.

चार दिवस बाहेरगावी जायचंय, रोपं तीन आठवड्यांची आहेत. शेजारच्या काकू पाणी घालते म्हणाल्या, घालू देऊ का?

काकू प्रेमळ असतील तर नको, प्रेमळ माणसं रोज घालतात. जायच्या दिवशी सकाळी निथळेपर्यंत पाणी द्या, रोपं थेट उन्हातून काढून उजेडाच्या पण सावलीच्या जागी एकत्र ठेवा, जाताना खत देऊ नका. तीन आठवड्यांच्या रोपांना चार दिवस बहुतेक निघतात. फारच गरम असेल तर जाड सुती दोरी ओली करून तिचं एक टोक मातीत बोटभर खोल खुपसा आणि दुसरं शेजारच्या पाण्याच्या भांड्यात बुडवा, दोरी पाणी ओढत राहते. पण हे जायच्या दोन दिवस आधी करून बघा, काही दोऱ्या फार जोरात ओढतात, परत आल्यावर कपात तळं झालेलं असतं. आणि काकूंना रोपं दाखवायचीच असतील तर त्यांना म्हणा, पाणी नको, फक्त कप उचलून बघा, अगदी हलका लागला तरच चार चमचे.